ओळ झेलणारी

बेलवली, बदलापूर
६ जानेवारी १९८८

प्रिय अंजीस,
स. न. वि. वि. (तुझा जयभीम मी आधीच घेतला असं समज.)

पत्र पोस्टाने न येता कौसाबाईच्या टोपलीतून, मेथीच्या जुडीखालून आलं म्हणून दचकू नकोस. पोस्टाचं आमच्याकडे कसं असतं ते तुला ठाऊक आहे. तुम्ही काय आमच्या चाळीत कमी वर्षं भाड्याने राहिलात? पोस्टमन दिसला की आई, बनूआत्या, शेजारची जनाबाई सगळ्या पडवीत येऊन बसणार आणि हरिदादा खाकरून मोठ्याने वाचणार. मागच्या पत्रात तू मला म्हैस म्हणालीस ते सगळ्या आळीने ऐकलं. आता जनाबाई मला चारा खाल्लास का म्हणून विचारते. तेव्हा यापुढे खरं काही लिहायचं असेल तर कौसाबाईकडेच दे. ती भाजी घेऊन रोज विठ्ठलवाडीला उतरते, आणि तिला वाचता येत नाही.

अंजे, माझं लग्न ठरलं. १२ फेब्रुवारी, माघातलाच मुहूर्त. मुलगा अंबरनाथच्या पलीकडचा, जयदेव नाव, विटांचा ट्रक आहे. बघायला आला तेव्हा सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होता. वाईट नसेल. पण त्याची आजी अंथरुणाला खिळली आहे आणि तिला डोळे मिटायच्या आत नातसून बघायची आहे, म्हणून ही घाई. मी दहावीचं विचारलं तर आबा म्हणाले की परीक्षा दरवर्षी येते, असं स्थळ दरवर्षी येत नाही. आईने तर माझी पुस्तकं उचलून माळ्यावर टाकली, हळदीच्या भांड्यांना कपाट लागतं म्हणून.

आता एक गंमत ऐक. गंमत कसली, माझा जीव तेवढ्यावर टांगला आहे. बनूआत्याच्या घशात गाठ आली आहे. उल्हासनगरच्या डॉक्टरने तिला तीन महिने गायचं नाही, मोठ्याने बोलायचंसुद्धा नाही म्हणून सांगितलंय. आणि आमच्यात भटजी उशिरा आला तर लोक थांबतात, पण धवलारीण लग्नाचे धवले गायला बसल्याशिवाय हळद लागत नाही, आणि गावची धवलारीण तीच. दुसऱ्या गावची आणू म्हटलं तर आत्या हातातला तांब्या आपटते. तिच्या भाचीचं लग्न परक्या तोंडाने लागणार नाही म्हणे. तिच्या मागून ओळ झेलणारी मी, आणि नवरीने तर मांडवात तोंड उघडायचं नसतं. मग धवले येतात कोणाला? तुला. ते सगळे तुला बोलावणार आहेत.

तू येऊ नकोस. काय वाटेल ते कारण सांग, पण येऊ नकोस. तू नाही आलीस तर आत्याचा घसा बरा होईपर्यंत लग्न वैशाखात ढकलावं लागेल, आणि तोवर माझे पेपर झालेले असतील. पुढचं पुढे. निदान दहावी पास तर असेन.

आणि तुझ्या बाबांना यातलं अक्षर सांगायचं नाही. ते कायदा घेऊन येतील. मला जूनमध्ये सोळा पूर्ण होतील, हे त्यांना पक्कं माहीत आहे. पण ते आले की आबांचं नाक कापलं जाईल, आणि मला दोन दिवसांत कुठल्या तरी देवळात नेऊन उरकतील. माझी शपथ आहे तुला.

माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि चिठ्ठी चुलीत घाल.
तुझी,
सगुणा

*

विठ्ठलवाडी
९ जानेवारी १९८८

प्रिय सगूस,
सप्रेम जयभीम.

चिठ्ठी वाचून मी संडासाच्या रांगेत उभी राहून रडले. तिथे रडलं की कोणी विचारत नाही. मग राग आला. अगं, गणितात तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क, आणि तुझी पुस्तकं माळ्यावर? माझी टाका म्हणावं. माझ्या आईला तर आनंद होईल, घरभर पसारा असतो म्हणून ओरडत असते.

शपथ घेतली. बाबांना सांगणार नाही. जड जातंय गं, कारण बाबा कंपनीतून आले की मला आधी अभ्यासाचं विचारतात आणि लगेच तुझं. सगुणाची तयारी कशी आहे, दोघी एकाच कॉलेजात जा, असं चाललेलं असतं. मी मान खाली घालून चपात्या लाटते. कालची चपाती बघून आई म्हणाली की हा श्रीलंकेचा नकाशा आहे.

मला बोलावणार म्हणतेस, पण मला हसूच आलं. मी धवले शिकले कुठे? मांडवाबाहेर, पाण्याच्या पिंपाशेजारी उभी राहून. आत बसून गा असं मला कोणी कधी म्हटलं नाही. फक्त तुमच्या ओट्यावर बनूआत्या बसवायची, तेही चाळीतल्या चाळीत. हरिदादाने उल्हासनगरच्या कॅम्पातून नवा टेप आणला होता तेव्हा आपण तिघींनी गाऊन भरलेली ती कॅसेट आठवते? आपण बारा वर्षांच्या असू. शेवटी आपण दोघी काहीतरी बडबडून खिदळतो आणि हरिदादा ओरडतो. आम्ही खोली सोडली तेव्हा तू ती माझ्या दप्तरात कोंबलीस. अजून आहे, ट्रंकेत. आमचा टेप बंद पडलाय म्हणून वर्षभर ऐकली नाही.

तू घाबरू नकोस. मी नाही म्हणण्यात एकदम पक्की आहे. आईला विचार.
मला विसरलीस तर बघ.
अंजी

*

बेलवली, बदलापूर
१६ जानेवारी १९८८

चि. अंजना हिस बनूआत्याचे अनेक आशीर्वाद.

बाय, मना आता मोठ्यानं बोलवत नाय, मी सगुणाच्या कानात सांगतंय नि ती लिवतेय. आमचे सगुणाचं लगीन बारा तारखेला हाय. तुना कळलं असलंच. माझा गला गेला गो बाय. चाळीस वर्सं मी गावाच्या सगल्या पोरींना हळद लावली, नि माझे भाचीच्या येळेला देवानं तोंडाला कुलूप घातलं. तू ये. तुना सगलं येतं, मना ठाव हाय. मी तुझे बाजूला बसंन, ओठ हालवीन, तू गा. मांडवात आत, पाटावर बसून गायचं. कोन काय बोलंल त्याचं मी बघतंय. आबाला मी सांगितलंय, त्यो काय बोलला नाय.

तुझे आयबापाला, भगवानभाऊ नि भिमाबाईला पन घेऊन ये. पातल घेऊन ठेवलाय तुना, मोरपंखी.

आत्याच्या जिवाला घोर लावू नको, लवकर निघून ये.
बनूबाई

(अंजे, हे घडीच्या आतल्या बाजूला लिहितेय, हरिदादाने वाचून परत दिल्यावर, डिंक लावता लावता. माझ्याच हाताने माझ्या लग्नाला तुला बोलवायला लावलं. आत्या सांगताना रडत होती. पातळ खरंच सुंदर आहे. येऊ नकोस.)

*

विठ्ठलवाडी
२० जानेवारी १९८८

तीर्थरूप बनूआत्या यांस,
अंजनाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

आशीर्वादाचं पत्र मिळालं. सगुणाचं लग्न ठरल्याचं वाचून घरात सर्वांना आनंद झाला. तुमच्या तब्येतीची काळजी वाटते. हळद घालून कोमट दूध घ्यावं असं आई म्हणते.

आत्या, मला येता येणार नाही. आमची पूर्वपरीक्षा त्याच दिवसांत आहे. आणि दुसरं म्हणजे आम्ही बौद्ध. देवादिकांची नावं घेऊन गाणं आमच्यात बसत नाही. लहानपणी कळत नव्हतं तेव्हा गायले, आता कळतं. राग मानू नये. दुसरी कोणी मिळत नसेल तर तुमचा घसा बरा होईपर्यंत थांबावं, असं लहान तोंडी सुचवते.

घरातल्या सर्वांना नमस्कार. जनाबाईंना सांगावं की आमच्या म्हशीवर लक्ष ठेवा.
आपली आज्ञाधारक,
अंजना

*

विठ्ठलवाडी
२५ जानेवारी १९८८

प्रिय सगूस,
सप्रेम जयभीम.

पत्रातून नाही म्हणणं सोपं होतं. काल बनूआत्या स्वतः आली.

डॉक्टरकडून परत जाताना उतरली असणार. मी दार उघडलं तर ही उभी, गळ्याला मफलर, हातात पिशवी. आई गडबडली. बाबांची सुट्टी होती, तेही उठून उभे राहिले. आत्या आत आली आणि तिने खुणेने पाणी मागितलं. सगू, तुला सांगते, आईने तांब्या दोनदा घासला आणि मग भरला. बेलवलीत आत्या माझ्यावर जीव टाकायची, पण आमचा कप वेगळा असायचा, खिडकीच्या कोनाड्यात, दांडी तुटलेला. आमच्या घरचं पाणी तिने कधी तोंडाला लावलं नव्हतं. काल आमच्या तांब्यातून घटाघटा प्यायली. चहापण प्यायली. मग पिशवीतून ते मोरपंखी पातळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझे दोन्ही हात धरून बसली.

मी नाही म्हटलं. आमच्यात ती गाणी गात नाहीत, हेच पुन्हा म्हटलं, पाठ केलेल्या उत्तरासारखं. तिने पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवलं. म्हणजे मी तुमचं पाणी प्यायले, आता तरी? असं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिला वाटतंय मी त्या तुटक्या कपाचा सूड घेतेय. आणि मला खरं सांगता येत नाही!

त्याहून वाईट म्हणजे बाबा. आत्या जिन्याकडे वळली आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. म्हणाले की माझी पोर मोठी झाली, तत्त्वाला जागली. संध्याकाळी विहारात जाऊन त्यांनी दहा जणांना सांगितलं. आज दोन बाया मला बघायला आल्या होत्या. मी खोटारडी, आणि माझा सत्कार व्हायचा बाकी आहे.

सगू, आत्या जिना उतरत होती ना, तेव्हा मला राहवलं नाही. मी धावत गेले आणि ती कॅसेट तिच्या पिशवीत टाकली. म्हटलं, आत्या, तुझा आवाज आहे यात, गेलेला नाही, घरी टेपवर ऐक. आत्या पायरीवर बसून लहान पोरीसारखी रडली. निदान तेवढं तरी देता आलं तिला. पातळ मात्र तिने परत नेलं नाही. ट्रंकेत ठेवलंय. मला त्याच्याकडे बघवत नाही.

पण नाही म्हटलं गं, शेवटपर्यंत. आता लग्न ढकलतीलच. भूमितीची प्रमेयं पाठ करायला लाग, पुस्तक नसेल तर लिहून पाठवते.

तुझी पाठराखीण,
अंजी

*

बेलवली, बदलापूर
२ फेब्रुवारी १९८८

अंजीस,
स. न. वि. वि.

प्रमेयं पाठवू नकोस.

तू गेल्या आठवड्यात आत्याला कॅसेट दिलीस. त्याच रात्री हरिदादाने पडवीत टेप लावला. आत्याचा आवाज निघाला तशी सगळी आळी गोळा झाली. खरंच काय आवाज होता गं तिचा. तिने ओळ टाकायची आणि आपण दोघींनी झेलायची. आत्या खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होती आणि मला तिच्यासाठी इतकं बरं वाटलं की मी पण तिथेच बसले, मूर्खासारखी.

मग जनाबाई म्हणाली की काय बाय, असं वाटतं बनूच मांडवात बसलीय. आबांनी मान वर केली. आणि अंजे, मला त्यांच्या तोंडावरूनच कळलं. आबांनी हरिदादाला विचारलं की याला भोंगा जोडता येतो का. तो म्हणाला की का नाही, कॅम्पातला साईं डेकोरेशनवाला तेच तर करतो.

आत्या आधी मान हलवून नको म्हणाली. कॅसेटने कधी कोणाला हळद लागली आहे का? मग आबांनी तिला समजावलं की तोंड तिचंच आहे, परकं कोणाचं नाही. तिची अट तिच्यावरच उलटली. ती माझ्याकडे बघून हसली, तिला वाटलं मला आनंद होईल.

तुझ्यावर रागावू म्हटलं तरी रागावता येत नाही. तू तिला रडताना बघितलंस, मी असते तर मीही तेच केलं असतं. पण आता घराला बाहेरून कडी नाही तरी मी कोंडले गेले आहे. कौसाबाईशी बोलायला गेले तरी आई मागे येऊन उभी राहते.

बाबांना सांगू नकोस, अजूनही. शपथ सुटलेली नाही.
सगुणा

*

विठ्ठलवाडी
१० फेब्रुवारी १९८८

सगू,
जयभीम.

मी शपथ मोडली. आठ दिवस जेवण जात नव्हतं, आईने कावीळ म्हणून डोळे तपासले. आज बाबांना सगळं सांगितलं. तू येऊ नको म्हणालीस म्हणून मी नाही म्हटलं, तत्त्वबित्त्व काही नव्हतं, हेही सांगितलं. ते जागेवरून उठले. मला वाटलं मारतील. मग एवढंच म्हणाले की महिनाभर आधी सांगितलं असतंस तर हातात काहीतरी असतं.

उद्या अर्धी सुट्टी टाकून ते तुमच्याकडे येत आहेत. भांडायला नाही, आबांशी बोलायला. आबा ऐकले नाहीत तर पोलिसांकडे जाणार आहेत, पण त्याआधी ते तुला विचारतील. सगू, तुला एवढंच करायचंय. त्यांच्याकडे बघून नाही म्हण. एकदाच. पुढचं सगळं बाबा बघतील, तू आमच्याकडे राहा, माझ्या गादीत जागा आहे. मी लाथा मारते झोपेत, पण चालवून घे.

माझ्यावर थुंकलीस तरी चालेल, पण नाही म्हण.
अंजी

*

अंबरनाथ
९ मार्च १९८८

प्रिय अंजीस,
सप्रेम जयभीम. (आता मला कोण विचारणार आहे?)

हे पत्र पोस्टाने आलंय बघ. इथे घरात वाचता येणारी मी एकटीच. जयदेवला सही येते आणि विटांचा हिशेब येतो. तुझं पत्र आलं की ओसरीवर बसून मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझं. तेव्हा काय वाटेल ते लिही. जे नको ते मी गाळीन आणि त्या जागी हवापाण्याचं घालीन. आजेसासूबाई तर अजून ठणठणीत आहेत, कालच दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्यांच्यासाठी एवढी घाई केली!

तुला बाबांनी सगळं सांगितलं असेलच, तरी मी सांगते. हळदीच्या सकाळी ते आले. आबांनी त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं, काचेच्या पेल्यात, सगळ्यांना दिलं तसलंच. तुझ्या बाबांनी शांतपणे वयाचं काढलं. आबा म्हणाले की शाळेतली तारीख मास्तरांनी अंदाजे टाकली, पोर अठराची आहे, आणि खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा. मला बाहेर बोलावलं. आबा, हरिदादा, काका, मांडव घालणारी माणसं, सगळे उभे. बनूआत्या हळदीचं ताट घेऊन दारात. तुझ्या बाबांनी विचारलं की सगुणा, तुझी मर्जी आहे का, घाबरू नकोस. किती मायेने विचारलं गं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. आबांचे पाय दिसत होते. पायाला चुना लागला होता, पहाटेपासून ते स्वतः मांडवाच्या खुणा करत होते. मी म्हटलं की माझी मर्जी आहे.

तुझे बाबा गेले. सरबत तसंच राहिलं. त्यांना माझ्यावर रागावू देऊ नकोस. तू म्हणालीस एकदाच नाही म्हण. तोंडात होतं अंजे, बाहेर आलं नाही.

संध्याकाळी हळद लागली. मांडवाच्या खांबाला भोंगा बांधला होता. हरिदादाने टेप लावला आणि बनूआत्याने ओळ टाकली, आणि आपण झेलली. तुझा आवाज माझ्याहून बारीक होता तेव्हा, पण चुकायचीस नाहीस. ज्या मांडवात तुला कधी आत बसवलं नाही तिथे तू सगळ्यांच्या डोक्यावरून गात होतीस. खरी आत्या माझ्या शेजारी बसून ओठ हलवत होती, आणि मी हळदीने भरलेली, तोंड मिटून. माझ्याच आवाजात मला हळद लागत होती. बायका डोळे पुसत होत्या. असा धवला उभ्या गावात झाला नाही म्हणाल्या.

गाणं संपलं. हरिदादा बंद करायला उठला, पण लोकांतून वाट काढत टेपपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. तोवर कॅसेट चालूच होती. शेवटी आपण खिदळतो ते आठवतं ना? काय बडबडलो ते तुला आठवत नव्हतं, मलाही नव्हतं, आणि त्या रात्री पडवीत हरिदादाने गाणं संपताच टेप बंद केला होता. त्यात तू मला विचारतेस की सगे, तुझ्या लग्नात कोण गाणार? आणि मी ओरडून सांगते की कोणी नाय गाणार, मी लगीनच करणार नाय, मी मास्तरीण होणार. भोंग्यातून अंजे! पार रेल्वे फाटकापर्यंत ऐकू गेलं असेल.

सगळा मांडव हसला. आबा हसले, काका पोट धरून हसले, जनाबाई म्हणाली की बघा गो, नवरी काय बोलते ती. हसला नाही तो फक्त त्यांच्याकडची हळद घेऊन ट्रकने आलेला जयदेव, असं नंतर कळलं. आणि आत्या हसली नाही. ती माझ्याकडे वळून बघत राहिली, आणि हळदीचा हात तिने तसाच मागे घेतला. पण तोवर सगळी लावून झाली होती.

मी पण हसले गं, काय करणार.

तुझे पेपर चालू झाले असतील. मराठीत निबंध कुठला आला ते विषयासकट कळव. गणिताची प्रश्नपत्रिका टाकून देऊ नकोस, पाकिटात घालून पाठव. दुपारी सगळे झोपले की इथे दोन तास मोकळे असतात, मी घड्याळ लावून सोडवीन. तपासायला तुझ्याकडेच पाठवते. मार्क देताना मैत्री बघू नकोस.

तुझी जन्माची,
सगुणा